तागडी आणि नाव : कोकण कृषी विद्यापीठातील संकरित जातींची वाटचाल

१८ मे १९७२ रोजी दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ सुरू झाले आणि २०२२ साली त्याला पन्नास वर्षे झाली. पन्नास वर्षांचा आढावा घ्यायचा तर शिक्षण, विस्तार, मत्स्यविद्या, वनशास्त्र असे अनेक धागे हाताशी येतात. सगळ्यांना न्याय द्यायचा म्हटले तर लेखाची जंत्री होऊन बसेल. म्हणून येथे एकच धागा धरला आहे, दोन वेगळ्या वाणांचा संकर करून नवी जात घडवण्याचा. संस्थेच्या नावावर या कामातून आंबा, काजू, नारळ आणि भात यांच्या अनेक जाती जमा आहेत. त्यांपैकी काहींनी कोकणातल्या डोंगरउताराचा रंग बदलला, काही मात्र गुणांत उणे नसूनही बागेच्या एका कोपऱ्यातच राहिल्या. असे का झाले, हा प्रश्न पन्नास वर्षांच्या आढाव्यात विचारायला हवा. या लेखाचे म्हणणे असे की संकर ही जात घडवण्यातली सर्वांत लहान पायरी आहे. जात घडते ती संकरानंतरच्या निवडीने. ती रुजते की नाही, हे ठरवणारा विकत घेणारा असतो. निवड करणाऱ्याची कसोटी आणि घेणाऱ्याची कसोटी जेथे एक होती, तेथे विद्यापीठाच्या जाती झपाट्याने पसरल्या.

१९५०पूर्वी : पूर्वपीठिका

विद्यापीठ १९७२चे असले तरी काम त्याहून जुने आहे. आंब्याच्या शास्त्रीय संकराचा देशातला पहिला प्रयत्न पुण्यात १९११ साली बर्न्स आणि प्रयाग या दोन संशोधकांनी केला. भाताचे कर्जतचे संशोधन केंद्र १९१९चे. कोकणच्या बागायतीत मात्र त्या काळी संकराची गरज कोणाला वाटत नव्हती. पोर्तुगीजांच्या आमदानीत गोव्यात कलमांची विद्या रुजली, हापूस त्या कलमांवरून उत्तरेकडे सरकत रत्नागिरी-देवगडपर्यंत आला आणि एवढ्या चवीच्या फळात आणखी काय सुधारायचे, असा भाव तयार झाला. काजूची गोष्ट उलटी होती. तोही पोर्तुगीजांबरोबरच आला, पण त्याला कोणी पीक मानले नाही. जांभ्या कातळावर, बांधावर, जंगलाच्या कडेला बी पडेल तेथे झाड उगवायचे. एका झाडाची बी टपोरी, शेजारच्याची किडमिडी. गर काढणारे कारखाने वेंगुर्ल्याच्या परिसरात उभे राहिले तेव्हा या सरमिसळ मालाची अडचण प्रथम जाणवली.

हापूसचेही दोन दोष बागायतदारांना पुरेपूर ठाऊक होते. एक म्हणजे झाड सहसा वर्षाआड धरते. दुसरा साका. वरून निर्दोष, केशरी, घमघमणारे फळ कापावे आणि बाठ्याजवळचा गर पांढुरका, स्पंजासारखा, आंबूस निघावा, हा अनुभव हापूस खाणाऱ्या प्रत्येक घराला आहे. काही बागांत साक्याचे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत जाते. फळ कापल्याखेरीज तो दिसत नाही, त्यामुळे पेटी विकणाऱ्याची पत पणाला लागते आणि दूरदेशी माल पाठवणाऱ्याची तर अधिकच.

१९५० ते १९६० : भाट्ये आणि वेंगुर्ला

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात दोन केंद्रे उभी राहिली आणि पुढे तीच विद्यापीठाच्या संकरकार्याची मुळे ठरली. रत्नागिरी शहरालगत, काजळी नदीच्या मुखाशी असलेल्या भाट्ये येथे १९५५ साली नारळ संशोधन केंद्र सुरू झाले. १९५७मध्ये वेंगुर्ल्याला फळ संशोधन केंद्र आले. वेंगुर्ले तालुका तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होता. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. भारतीय कृषी संशोधन परिषदेने काजूच्या अभ्यासासाठी देशभरात निवडलेल्या मोजक्या ठिकाणांत कर्नाटकातले उल्लाळ, आंध्रातले बापटला यांच्या जोडीला वेंगुर्ल्याचे नाव होते.

या केंद्रांचे पहिले काम संकराचे नव्हते. गावोगाव फिरून चांगली झाडे हेरायची, त्यांच्या नोंदी ठेवायच्या आणि त्यांची संतती केंद्रावर लावून पाहायची, असे ते होते. वेंगुर्ले तालुक्यातल्या वेतोरे आणि आणसूर या गावांतली काजूची झाडे या शोधात हाती लागली. पुढे जगभरच्या काजू-साहित्यात ‘वेतोरे-५६’ आणि ‘आणसूर-१’ ही नावे गेली ती यामुळे. दाखवणारा शेतकरी, नोंद करणारा कर्मचारी, झाडावर चढून बी मोजणारा मजूर यांची नावे त्या जातींना मिळाली नाहीत. संस्थेचा इतिहास लिहिताना हे ऋण एकत्रितपणे मान्य करायला हवे.

१९६० ते १९७० : कुंचला, पिशवी आणि वाट पाहणे

दापोलीचे कृषी महाविद्यालय १९६५ साली सुरू झाले आणि केंद्रांना प्रशिक्षित माणसे मिळू लागली. याच काळात आंब्याच्या संकराला शिस्त आली. हे काम वाचायला सोपे, करायला चिकाटीचे. मोहोराच्या एका तुऱ्यात हजार ते काही हजार फुले असतात. त्यांतली बहुसंख्य नर, थोडी द्विलिंगी. मादीवाण म्हणून निवडलेल्या झाडाची द्विलिंगी फुले सकाळी, परागकोश फुटण्याआधी शोधायची, बारीक चिमट्याने त्यांचे पुंकेसर काढायचे, तुऱ्यावर पिशवी चढवायची, दुसऱ्या वाणाचे पराग आणून स्त्रीकेसराच्या टोकाला लावायचे आणि पिशवी पुन्हा बांधायची. एवढे करून शेकड्यांनी हाताळलेल्या फुलांतून हाती लागतात मोजक्या कैऱ्या. त्यांतल्या निम्म्या-अधिक वाऱ्याने, तुडतुड्याने, उन्हाने गळतात. जे फळ पिकते त्यात एकच बाठा असतो, म्हणजे संपूर्ण हंगामाच्या मेहनतीतून एका वेळी एकच संकरित रोप. ते लावायचे आणि पहिले फळ चाखायला सहा-आठ वर्षे थांबायचे.

शिवाय आंब्याची रोपे आईबापांसारखी निघत नाहीत. एकाच जोडीची शंभर भावंडे शंभर तऱ्हेची. त्यांतली बहुतेक टाकाऊ असतात आणि दहा वर्षे सांभाळलेले झाड ‘चालत नाही’ म्हणून नोंदवहीत तांबड्या शाईने खोडण्याची तयारी ज्याची नसेल, त्याने या वाटेला जाऊ नये. संस्थेच्या पहिल्या पिढीने ती तयारी दाखवली. १९८१ साली प्रसारित झालेल्या जातीचा बाठा त्याआधी दशकभर तरी मातीत पडलेला असणार, हे झाडाच्या वयाचा हिशेब मांडला तरी कळते. फळ बाहेर आले विद्यापीठाच्या काळात, पेरणी झाली ती विद्यापीठ नसताना.

१९७० ते १९८० : विद्यापीठाची स्थापना आणि कसोटीचा प्रश्न

राहुरी आणि अकोल्यानंतर १९७२ साली परभणी आणि दापोली येथे एकाच दिवशी कृषी विद्यापीठे स्थापन झाली. कोकणासाठी स्वतंत्र विद्यापीठ हवे या मागणीमागे साधे कारण होते. तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस, चार महिन्यांनंतर कोरडा पडणारा कातळ, तुकड्या-तुकड्यांची जमीन आणि झाडांवर उभी असलेली शेती. देशावर झालेले संशोधन येथे जसेच्या तसे लागू पडत नाही. भाट्ये, वेंगुर्ले, कर्जत, शिरगाव ही आधीची केंद्रे विद्यापीठाकडे आली. जुन्या खात्याच्या रीती आणि नव्या संस्थेच्या रीती यांची सांधेजोड होताना जे घर्षण व्हायचे ते झाले असेल. त्याचा पाढा वाचण्याचे हे स्थळ नव्हे, आणि काम थांबले नाही हे जाहीर झालेल्या जातींवरून दिसते. १९७४मध्ये ‘वेंगुर्ला-१’ ही काजूची जात आली. ती संकरित नव्हती, आणसूरच्या झाडातून निवडलेली होती. संकराआधी निवड, हा क्रम संस्थेने पाळला.

या टप्प्यावर एक प्रश्न नीट मांडून घ्यायला हवा. संकरातून ‘जात’ तयार होते म्हणजे नेमके काय होते? शेजारच्या क्षेत्रातले एक उदाहरण येथे उजेड पाडते. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत काही शिकाऱ्यांनी बिळात घुसून कोल्ह्याला आणि बिज्जूला भिडणारा नवा कुत्रा घडवायला घेतला. सुरुवात केली ती काळ्या-तपकिरी रंगाच्या मोजक्या फॉक्स टेरियरपासून. रंग मनासारखा होता, पण शिकारीत ही पिल्ले कमी पडली. मग जुन्या इंग्लिश राठ केसांच्या टेरियरशी संकर केला, पिढ्यानपिढ्या काम पाहून कठोर छाटणी केली आणि १९२६मध्ये त्या जातीचा संघ स्थापन झाला. आज ती याग्डटेरियर म्हणून ओळखली जाते. आपल्याकडची कारवानी आणि मुधोळ ही शिकारी कुत्रीही दिसण्यापेक्षा धावण्यावर टिकली. जनावराची जात तेव्हाच ‘जात’ होते जेव्हा पिल्लांत आईबापांचे गुण पिढ्यानपिढ्या ठामपणे उतरतात आणि त्याला काळ लागतो. कोणत्या गुणासाठी छाटणी करायची हे चुकले, तर सगळी मेहनत रंगावर वाया जाते.

आंबा-काजूला यातली अर्धी कटकट नाही. शंभर भावंडांत एक झाड मनासारखे निघाले की त्याची काडी घेऊन कलम बांधायचे. लाखो झाडे त्या एकाच झाडाचा विस्तार असतात. पिढ्या पक्क्या करण्याची गरजच उरत नाही. पण उरलेली अर्धी कटकट, म्हणजे कोणत्या कसोटीवर ते एक झाड निवडायचे हा प्रश्न, जशीच्या तशी शिल्लक राहते. याच दशकात दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने नीलम आणि दशेरी यांच्या संकरातून ‘मल्लिका’ आणि ‘आम्रपाली’ पुढे आणल्या, तेव्हा तेथेही उत्तर भारतातल्या आंब्याच्या वर्षाआड धरण्याच्या सवयीवर उपाय ही कसोटी होती. वेंगुर्ल्याची कसोटी आणखी एका गोष्टीने कठीण होती. नव्या आंब्याला नियमित धरायचे होते, साक्यातून सुटायचे होते आणि शिवाय हापूसच्या शेजारी बसायचे होते.

१९८० ते १९९० : एकाच वर्षी तीन जाती

१९८१ हे साल या इतिहासात सर्वांत भरघोस. नीलम ही आई आणि हापूस हा बाप, या संकरातून ‘रत्ना’ प्रसारित झाली. दक्षिणेतला नीलम दरवर्षी धरणारा, उशिरा पिकणारा, साका न होणारा. त्याचे हे गुण रत्नात आले, गर बिनरेषांचा आणि गोड निघाला, फळ हापूसपेक्षा मोठे झाले. त्याच वर्षी काजूत ‘वेंगुर्ला-३’ आणि ‘वेंगुर्ला-४’ आल्या. चौथीचे आईबाप होते पश्चिम बंगालातला मिदनापूर रेड आणि आपला वेतोरे-५६. गावठी काजूची बी साधारण चार-पाच ग्रॅमची असते. हिची सरासरी ७.७ ग्रॅम आणि बीमागे गराचे प्रमाण ३१ टक्के.

जात जाहीर होणे आणि शेतकऱ्यापर्यंत पोहोचणे यांत दरी असते. काजूच्या बाबतीत ती दरी कलमाची होती. बियांपासून लावलेले संकरित झाड आपला गुण सोडून देते, आणि काजूला पूर्वीच्या पद्धतीची कलमे फारशी साधत नव्हती. वेंगुर्ल्याच्या केंद्राने मृदुकाष्ठ कलमाची पद्धत बसवली ती याच दशकात. कोवळ्या रोपाचा शेंडा छाटून मधोमध चीर द्यायची, पाने आधीच काढून टाकलेल्या काडीला पाचरीसारखा छाट देऊन ती चिरेत बसवायची, पट्टीने आवळून बांधायची. काही आठवड्यांत काडी फुटते. आंब्यासाठी कोय कलमाची पद्धतही विद्यापीठाने घरोघरच्या रोपवाटिकांत पोहोचवली. पूर्वीच्या भेट कलमाला मातृवृक्षाच्या फांदीशी कुंड्या टांगून महिनोन्महिने थांबावे लागे. नव्या पद्धतीत एक माणूस दिवसात कितीतरी कलमे बांधू लागला. संस्थेच्या इतिहासात जातींची नावे कोरली जातात, कलमकऱ्यांची नाहीत. पण चाकू हाती धरणारे हे लोक नसते तर ‘वेंगुर्ला-४’ केंद्राच्या कुंपणाबाहेर पडली नसती.

१९९० ते २००० : फळबाग योजना आणि दोन पिकांच्या दोन वाटा

१९९० साली राज्य सरकारने रोजगार हमीशी जोडून शंभर टक्के अनुदानाची फळबाग लागवड योजना आणली. खड्डा, कलम, मजुरी सगळ्याला पैसे मिळू लागले आणि पडीक वरकस जमिनीवर लागवड सुरू झाली. योजनेची गरज होती लाखो कलमांची आणि वेंगुर्ल्याची पद्धत नेमकी तोवर तयार होती. संशोधन आणि धोरण यांची अशी वेळ क्वचित जुळते. १९९७मध्ये आलेल्या ‘वेंगुर्ला-७’ने त्यावर कळस चढवला. वेंगुर्ला-३ आणि तामिळनाडूतली व्हीआरआय-१ यांचा हा संकर. बी सरासरी १० ग्रॅमची, गर ३०.५ टक्के.

या आकड्यांचा अर्थ कारखान्यात उभे राहून लावला म्हणजे कळतो. १० ग्रॅमच्या बीतून किलोभर गर काढायला साधारण सव्वातीनशे बिया फोडाव्या लागतात. ५ ग्रॅमची आणि थोडा कमी गर देणारी गावठी बी घेतली तर सातशेच्या आसपास. फोडणे, सोलणे, साल काढणे ही सगळी हातांची कामे, तीही टरफलातल्या तेलाने बोटे भाजणारी. म्हणजे मोठ्या बीने मेहनत निम्म्यावर आणली. वर गर मोठा असल्याने दर चढा. बाजारात एका पौंडात किती गर बसतात त्यावर प्रत ठरते. १८०च्या प्रतीला ३२०च्या प्रतीपेक्षा जास्त भाव असतो आणि वेंगुर्ला-७चा गर १८०च्याही वरच्या प्रतीत जातो. येथे विकणाऱ्याला काही पटवून द्यावे लागत नाही. तागडी बोलते.

आंब्यात तागडी बोलत नाही, नाव बोलते. १९९२ साली रत्ना आणि हापूस यांच्या पुनर्संकरातून ‘सिंधू’ आली. तिचा बाठा इतका पातळ आणि लहान की लोक तिला बिनकोयीचा आंबा म्हणू लागले. फळाच्या वजनात गराचा वाटा सुमारे ८३ टक्के. साका नाही, धरणे नियमित. शास्त्रीय तराजूत पारडे सिंधूकडे झुकते. तरी वाशीच्या बाजारात पेटी उघडल्यावर पहिला प्रश्न ‘हापूस आहे का’ हाच येतो, आणि ‘हापूसपेक्षा चांगला आहे’ हे उत्तर तेथे चालत नाही. याच दशकात विद्यापीठाने पॅक्लोब्युट्राझॉल या संजीवकाची शिफारस केली. पावसाळ्यात बुंध्याभोवती मात्रा दिली की हापूस दरवर्षी मोहोरू लागला. संकराने जो दोष दूर करायचा होता, त्यातला एक संस्थेच्याच दुसऱ्या संशोधनाने हापूसमध्येच आटोक्यात आणला आणि रत्ना-सिंधूची निम्मी गरज संपवली. विद्यापीठाने स्वतःशीच स्पर्धा केली असे कोणी म्हणेल. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर दोन पर्याय एकाच घरातून मिळाले.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: चाळीस वर्षांनंतरही कोकण हापूसचेच असेल, तर आंब्याच्या संकरावरचा खर्च वाया गेला. हा आक्षेप लागवडीचे क्षेत्र हीच एकमेव फूटपट्टी धरतो. साका हा हापूसच्या रक्तातला गुण आहे की केवळ उष्णतेचा परिणाम, हा वाद जुना होता. साकामुक्त नीलमशी संकर केल्यावर साकामुक्त संतती मिळाली, तीच पुन्हा हापूसशी जोडली तरी साका परतला नाही. म्हणजे वंशाचा वाटा आहे, हे झाडांनीच सिद्ध केले. लोणच्यासाठी याच वंशातून ‘कोकण रुची’ निघाली. कोकणाबाहेर, जेथे हापूस नीट धरत नाही, तेथेही या जाती लावल्या गेल्या. आक्षेपात तथ्य आहे ते एवढेच की निवडीच्या वेळी खाणाऱ्याच्या मनातल्या नावाला किती वजन आहे, याचा हिशेब नोंदवहीत नव्हता.

दशकाच्या शेवटी, १९९८मध्ये, कर्जतच्या केंद्राने ‘सह्याद्री’ हा संकरित भात दिला. येथे दुसरा आक्षेप जास्त जोरात येतो. भाताच्या संकराचे बी दरवर्षी नवे घ्यावे लागते, घरचे पेरले तर पीक उंच-ठेंगणे होऊन जाते. मग कणगीतले बी राखणारा शेतकरी दुकानावर अवलंबून राहतो. ही अडचण खरी आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. म्हणूनच कर्जत, शिरगाव आणि पनवेलच्या केंद्रांनी घरचे बी ठेवता येईल अशा सरळ वाणांचे काम सोडले नाही. कोकणात खाचराचा तुकडा लहान आणि भात बहुधा घरच्या खाण्यापुरता, तेथे सरळ वाणच पुढे राहणार हे उघड आहे.

२००० ते २०१० : माड, शेळी आणि संस्थेचे नाव

२००१ साली विद्यापीठाला डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव देण्यात आले. १९६३मध्ये काही दिवस राज्याचे हंगामी मुख्यमंत्रिपद सांभाळलेल्या या कोकणच्या नेत्याचा तो गौरव होता.

भाट्याच्या केंद्राचे काम या दशकात ठळकपणे पुढे आले. उंच जातीचा माड दीर्घायुषी, पण धरायला सहा-सात वर्षे लावणारा; ठेंगणा लवकर धरतो, पण नाजूक. दोघांच्या संकरात लवकर धरणे आणि भरपूर फळे एकत्र येतात. २००७मध्ये गंगाबोंडम हा ठेंगणा वाण आणि ईस्ट कोस्ट टॉल हा उंच वाण यांच्या संकरातून ‘कोकण भाट्ये कोकोनट हायब्रीड-१’ प्रसारित झाला. आता अडचण पाहा. माडाचे कलम होत नाही. भाताचे संकरित बी शेतात ओळीने तयार करता येते, तेही माडात शक्य नाही. प्रत्येक संकरित नारळासाठी पाडेल्याने माडावर चढायचे, पोय उघडली की नर फुले खुडायची, पिशवी बांधायची, मादी फुले तयार होतील तसतसे पराग मारायला पुन्हा पुन्हा चढायचे आणि नारळ पिकायला वर्षभर थांबायचे. मग रोपवाटिकेत आणखी वर्ष. आंब्यात निवडलेले एक झाड पुरते, भातात एक शेत पुरते. माडात दर रोपामागे माणूस चढतो. संकरित रोपे मागणीपेक्षा नेहमी कमी का पडतात याचे उत्तर प्रशासनात शोधणाऱ्यांनी आधी माडाच्या शेंड्याकडे पाहावे. या मर्यादेवर भाट्याने दिलेले दुसरे उत्तर म्हणजे ‘लाखी बाग’. नवे झाड मिळेपर्यंत जुन्या माडांच्या सावलीत जायफळ, दालचिनी, मिरी लावून त्याच जागेचे उत्पन्न वाढवायचे. रत्नागिरीच्या परिसरातल्या अनेक घरांनी संकरित माडाआधी ही बाग स्वीकारली.

जनावरांत विद्यापीठाने संकराऐवजी उलटी वाट धरली, आणि तिचाही उल्लेख हवा. सिंधुदुर्गात कुडाळ-सावंतवाडी भागात काळ्या अंगाची, तोंडावर पांढरे पट्टे असलेली शेळी पिढ्यानपिढ्या होती. बाहेरच्या बोकडाशी संकर करून ती ‘सुधारण्या’ऐवजी निळेलीच्या केंद्राने तिच्या कळपातून निवड केली. ‘कोकण कन्याळ’ म्हणून तिची राष्ट्रीय स्तरावर स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. कोकणातल्या लहान चणीच्या, डोंगर चढणाऱ्या गाईलाही पुढे ‘कोकण कपिला’ म्हणून मान्यता मिळाली. पावसात चरणाऱ्या आणि गोचिडांना तोंड देणाऱ्या जनावरात जे गुण आधीच मुरलेले आहेत, ते संकराने पातळ होतात. येथे कसोटी टिकण्याची होती, म्हणून संकर न करणे हाच शहाणपणा ठरला.

२०१० नंतर : मानांकन, वादळे आणि सद्यस्थिती

काजूला, आणि मग हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. ‘वेंगुर्ला काजू’ या नावाने मिळालेल्या मानांकनामागे केंद्राच्या जातींची पुण्याई आहे. २०१८मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला मानांकन मिळाले तेव्हा आनंद झालाच, पण संकरित आंब्यापुढची भिंत त्याने आणखी उंच केली. हापूसचे रक्त अर्ध्याहून अधिक असलेली सिंधूही ‘हापूस’ म्हणून विकता येणार नाही, आणि तशी विकू नयेच.

तिसरा आक्षेप गावठी वाणांच्या बाजूने घेतला जातो: कातळावरची नाना तऱ्हेची काजूची झाडे गेली आणि सगळीकडे वेंगुर्ला-४ व ७ची एकसारखी रांग उभी राहिली, उद्या ढेकण्याने किंवा रोगाने घाला घातला तर सगळी बाग एकदम जाईल. हा धोका शास्त्र नाकारत नाही. पण संकर गावठी झाडांचा शत्रू आहे हा निष्कर्ष चुकीचा. वेतोरे आणि आणसूरची झाडे नसती तर या जाती जन्मल्याच नसत्या, आणि नवी जात काढायची तर पुन्हा अशाच झाडांकडे जावे लागेल. म्हणून केंद्राच्या प्रक्षेत्रावर जुन्या वाणांचा संग्रह जपला जातो. बागायतदारानेही बांधावरचे एखादे रायवळ, एखादा आडदांड गावठी काजू राखावा, हा सल्ला केवळ आठवणीपोटी दिलेला नाही.

३ जून २०२०चे निसर्ग आणि मे २०२१चे तौक्ते, या दोन चक्रीवादळांनी दापोली-मंडणगडपासून खाली सर्वत्र आंबा, माड, पोफळी आडव्या केल्या. पुनर्लागवडीत काजू आणि आंब्याची कलमे लवकर उपलब्ध झाली, संकरित माडाची मागणी मात्र वर्षानुवर्षे पुरी होणे कठीण आहे. निवडीच्या कसोटीत आता उंची, फांद्यांची ठेवण आणि वाऱ्यापुढे तग धरण्याची ताकद यांना पूर्वीपेक्षा जास्त गुण द्यावे लागतील.

आंब्यात संस्थेने हापूस आणि टॉमी अ‍ॅटकिन्स यांच्या संकरातून ‘कोकण सम्राट’ दिला आहे. टॉमी अ‍ॅटकिन्स हा फ्लोरिडातला आंबा चवीला बेताचा, पण लालसर, टिकाऊ, प्रवासाला सोसणारा. परदेशी दुकानांत तो वर्षानुवर्षे या गुणांवरच खपला. त्याच्या अंगकाठीला हापूसची चव देण्याचा हा प्रयत्न आहे. रत्ना आणि सिंधूच्या अनुभवानंतर येथे एक बदल करता येण्यासारखा आहे. जात जाहीर झाल्यावर बाजार शोधण्याऐवजी बाजार आधी ठरवावा. रस आणि गर यांचे कारखाने गोडी, रंग आणि गराचे प्रमाण मोजून माल घेतात. तेथे तागडी चालते, आणि ८३ टक्के गराच्या फळाला तेथे उजवे ठरायला नावाची गरज पडू नये. थेट खाण्याचा आंबा असेल तर तो हापूसचा भाऊबंद म्हणून न विकता पहिल्या पेटीपासून स्वतःच्या नावाने, हापूस ओसरल्यावर, जूनच्या पहिल्या पावसाआधीच्या पंधरवड्यात उतरवावा. रत्ना हापूसनंतर तयार होते, ही गोष्ट आजवर तिची उणीव मानली गेली.